गेम कन्सोलवर मोठ्या व्हिडिओ फायली चालवणे (कोकण किनारा)

पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क किंवा घरातल्या नेटवर्कवरून काही जीबींची व्हिडिओ फाइल टीव्हीला जोडलेल्या गेम कन्सोलवर चालवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांचे निवारण, असा या नोंदीचा विषय आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात हा प्रश्न बहुधा गणपतीत, शिमग्यात नाहीतर जत्रांच्या दिवसांत निघतो. गावच्या नमनाचे, जाखडीचे किंवा रात्रभर रंगलेल्या दशावताराचे चित्रण कुणीतरी केलेले असते, चाकरमान्यांच्या मुलांनी कन्सोल बरोबर आणलेला असतो आणि सगळ्यांना ते मोठ्या पडद्यावर पाहायचे असते. डोंगराआडच्या वाडीत रेंज तुटक असली की एवढी फाइल इंटरनेटवरून जात नाही, ती पेनड्राइव्हनेच घरोघर फिरते. त्यामुळे इथली बहुतेक दुखणी पेनड्राइव्हपाशीच सापडतात. कन्सोल बिघडल्याचा संशय शेवटी घ्यावा.

सर्वांत मोठी अडचण ४ जीबीची. फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतीत) फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदला जातो. म्हणून एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची असू शकते. पेनड्राइव्हवर ५० जीबी मोकळे असले तरी ५ जीबीची फाइल संगणक कॉपी करत नाही आणि फाइल फार मोठी असल्याचा संदेश येतो. हे पाहून माणसे पेनड्राइव्ह रिकामा करत बसतात, त्याने काहीच होत नाही. एक्सफॅट (२००६) आणि एनटीएफएस (१९९३) यांत ही मर्यादा नाही, पण मग कन्सोलला ती फाइल सिस्टिम वाचता यायला हवी. प्लेस्टेशन ३ यूएसबीवर फक्त फॅट३२ वाचतो, एनटीएफएस डिस्क लावली तर ती त्याला दिसतही नाही. एक्सबॉक्स ३६० चेही एनटीएफएसशी जमत नाही. प्लेस्टेशन ४ फॅट३२ आणि एक्सफॅट वाचतो, त्याचा मीडिया प्लेअर २०१५ साली आला. एक्सबॉक्स वनला एनटीएफएसही चालते. घरात जुना-नवा असे दोन्ही कन्सोल असतील, तर फॅट३२ पेनड्राइव्ह आणि ४ जीबीच्या आतले तुकडे हीच सोपी वाट.

दशावताराच्या चित्रणाला ही मर्यादा लगेच आडवी येते. सेकंदाला २४ मेगाबिट या दराने घेतलेले चित्रण साधारण २४ मिनिटांत ४ जीबी भरते, आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. फॅट३२ कार्डावर लिहिणारे कॅमेरे म्हणूनच आपोआप नवी फाइल सुरू करतात. हे तुकडे जोडून एक करावेत असे सर्वांनाच वाटते. कन्सोलवर दाखवायचे असेल तर जोडू नयेत, कारण ते आधीच मर्यादेत बसलेले असतात. पण कॅमेरा गाण्याच्या मध्येच तुकडा पाडतो, हे खटकते. वेळ असेल तर संगणकावर जोडून पुन्हा योग्य जागी कापावे: आडदशावतारातल्या (नाटकाच्या सुरुवातीच्या भागातल्या) गणपती आणि संकासुराच्या प्रवेशांनंतर, आख्यान सुरू होण्याआधी, पुढे पात्रांच्या एंट्रीपाशी. चित्र पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे नव्याने न दाबता, कापायचे असेल तर काप मुख्य फ्रेमवरच (ठराविक अंतराने येणाऱ्या पूर्ण चित्रावरच) पडतो, म्हणजे एखाद-दोन सेकंद मागेपुढे होणारच. एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत साधन हे काम काही मिनिटांत करते. जिथे काप पडतो ती जागा नाटक जाणणाऱ्याने ठरवावी, हे इथे आवर्जून सांगायला हवे.

फाइल दिसते पण चालत नाही, तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे नुसते डबे आहेत. आतले चित्र एच.२६४ (२००३) किंवा एच.२६५ (२०१३) अशा पद्धतीने दाबलेले असते. प्लेस्टेशन ३ ला एमकेव्ही डबाच कळत नाही, पण आत एच.२६४ असेल तर तेच चित्र एमपी४ मध्ये हलवले की चालते. याला रिमक्स म्हणतात. यात गुणवत्ता घटत नाही आणि वेळही थोडाच लागतो. प्लेस्टेशन ४ चा प्लेअर एमकेव्ही घेतो, पण एच.२६५ घेत नाही. २०१७ नंतरच्या आयफोनवर आणि अनेक अँड्रॉइड फोनवर जागा वाचवणारी सेटिंग चालू असली की चित्रण एच.२६५ मध्ये होते. ते चालवायचे तर खरोखर कन्व्हर्ट करावे लागते, आणि त्याला तासन्तास लागू शकतात. चित्रणाआधीच फोनमध्ये एच.२६४ ची सेटिंग निवडलेली बरी. चित्र दिसते पण आवाज नाही, अशा वेळी ऑडिओ बहुधा डीटीएस या आवाजाच्या फॉरमॅटमध्ये असतो. तेवढा ट्रॅक एएसी किंवा एसी-३ मध्ये बदलावा, चित्राला हात लावू नये.

कन्व्हर्ट करताना मूळ फाइल पुसू नये. रंगमंचावरच्या दिव्यांच्या मंद उजेडात घेतलेल्या चित्रात आधीच दाणे असतात. कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी बिट ठेवून) पुन्हा दाबले की मुखवट्यांचे रंग आणि मागचा पडदा एकमेकांत मिसळतात, आणि गेलेला तपशील परत येत नाही. त्या रात्रीचा खेळ दुसऱ्यांदा होणार नाही.

याहून मोठा धोका फॉरमॅटचा आहे. मोठी यूएसबी ३.० हार्ड डिस्क जोडली की एक्सबॉक्स वन ती खेळांसाठी फॉरमॅट करू का असे विचारतो. ‘हो’ म्हटले तर डिस्कवरचे सगळे जाते. इथे मीडियाचा पर्याय निवडावा. प्लेस्टेशन ४ वर विस्तारित स्टोरेज म्हणून फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून व्हिडिओ चालत नाहीत. मुलांच्या हाती कन्सोल देण्याआधी हे त्यांना नीट समजावून सांगावे.

पावसाळ्यात वीज जाणे किनाऱ्यावर नवे नाही. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये जर्नल (अर्धवट राहिलेले काम सावरणारी नोंद) नसते, म्हणून कॉपी चालू असताना वीज गेली किंवा पेनड्राइव्ह तसाच उपटला तर फाइल अर्धी राहते आणि ठराविक मिनिटाला अडकते. कॉपी बॅटरीवरच्या लॅपटॉपवर करावी आणि नंतर दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळवून पाहावा. आकार जुळूनही फाइल मध्येच तुटत असेल तर पेनड्राइव्ह बनावट क्षमतेचा, म्हणजे दाखवतो त्याहून कमी जागेचा, असू शकतो. खाऱ्या हवेने यूएसबीचे टोक गंजले की डिस्क मधूनच गायब होते. तसे झाल्यास दुसरा पोर्ट आणि दुसरी केबल लावून पाहावी.

प्लेस्टेशन ३ वर पेनड्राइव्ह दिसतो पण रिकामा वाटतो, तेव्हा त्रिकोणाचे बटण दाबून सर्व फायली दाखवण्याचा पर्याय घ्यावा. व्हिडिओ अडखळत असेल तर दोष सहसा यूएसबी २.० चा नसतो, त्याचा वेग पुरेसा असतो. डीएलएनए सर्व्हरवरून (घरातल्या नेटवर्कवर व्हिडिओ पुरवणाऱ्या संगणकावरून) वाय-फायने पाहताना मात्र जाड चिऱ्याच्या भिंतींआड सिग्नल मंदावतो. अशा वेळी राउटरपासून कन्सोलपर्यंत केबल ओढावी, नाहीतर फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी.