नोकरी-गळती, तरुण कर्मचाऱ्यांमधील

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तरुण कर्मचारी आपणहून राजीनामा देतात किंवा टिकून राहतात, त्यामागील कारणांचा विचार या विषयात होतो. नोकरकपात किंवा बडतर्फी त्यात मोडत नाही.

जेम्स मार्च व हर्बर्ट सायमन यांच्या १९५८ मधील मांडणीनुसार नोकरी सोडणे दोन गोष्टींवर ठरते : ती सोडावीशी वाटणे आणि सोडणे शक्य असणे. दुसरी गोष्ट व्यवस्थापनाच्या लक्षातून निसटते. मंदीत राजीनामे घटतात, ते समाधान वाढले म्हणून नव्हे.

‘आजची पिढी टिकत नाही’ ही तक्रार घासून गुळगुळीत झालेली आहे. रॉबर्ट टोपेल व मायकेल वॉर्ड यांनी १९९२ मध्ये दाखवले, की अमेरिकेतील तरुण पुरुष पहिल्या दहा वर्षांत सरासरी सात नोकऱ्या करत आणि त्या काळातील त्यांच्या वेतनवाढीचा सुमारे एक-तृतीयांश भाग नोकरीबदलातून येई. त्यांची आकडेवारी १९७२ पर्यंतचीच होती, म्हणजे नोकऱ्या बदलणे ही काही आजच्या पिढीची सवय नव्हे. काम आपल्याला मानवते की नाही, हे ते केल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे या वयातील बदल हा बराचसा शोधच असतो.

पगार, वरिष्ठांची वागणूक आणि शिकणे थांबल्याची भावना ही नेहमीची कारणे. पण थॉमस ली व टेरेन्स मिचेल यांनी १९९४ मध्ये ‘धक्क्या’कडे लक्ष वेधले. हुकलेली बढती, नव्याने आलेल्या सहकाऱ्याचे जास्त पॅकेज कानावर येणे, उच्च शिक्षणाला मिळालेला प्रवेश, जोडीदाराची बदली अशा एखाद्या घटनेने सुखाने काम करणाराही राजीनामा देतो. जाताना घेतल्या जाणाऱ्या मुलाखतीत हे क्वचितच उघड होते. अनुभवाचा दाखला हाती यायचा असताना साहेबाविषयी खरे कोण बोलेल?

टिकण्याची कारणे ही सोडण्याच्या कारणांची उलटी बाजू नसतात. मिचेल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या : माणसांशी जुळलेले धागे, कामाशी व परिसराशी असलेला मेळ आणि सोडल्यास गमवावे लागेल ते. घर, मुलांची शाळा, साठलेली ज्येष्ठता हे सारे तरुणांपाशी कमी असते. म्हणून त्यांच्या बाबतीत हाताखाली घेऊन शिकवणारा वरिष्ठ आणि जीव लावणारे सहकारी यांचे वजन वाढते. मात्र टिकणारा प्रत्येक जण रमलेला असतो असे नाही. जॉन मेयर व नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये आपुलकीने राहणे, कर्तव्यभावनेने राहणे आणि सोडणे परवडत नाही म्हणून राहणे असा फरक केला. शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडणारा नवखा कर्मचारी बहुधा तिसऱ्या गटात सापडतो.