गूळ खाल्ल्याने शिसे उतरत नाही

गोव्यात पागेराच्या (मासे पकडायच्या फेकजाळ्याच्या) कडेला लावायच्या शिशाच्या गोळ्या घरी ओतणारे काही जण जुन्या बॅटरीच्या प्लेटा, गाडीच्या चाकांची वजने आणि जुने पाइप एकाच कढईत वितळवतात, आणि नंतर गुळाचा खडा व कपभर दूध घेतले की शिसे बाधत नाही, असे मानतात. हा समज चुकीचा आहे.

शिसे सुमारे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि 1749 अंशांना उकळते, त्यामुळे चुलीवर त्याची वाफ फारशी होत नाही, हे खरे. परंतु वर जमणारी करडी-पिवळसर मळी झाऱ्याने काढताना जी बारीक धूळ उडते, ती श्वासातून आत जाते आणि बोटांना चिकटून त्याच गुळाबरोबर पोटातही जाते. रक्तात पोचलेले शिसे गूळ बाहेर काढत नाही. ते हाडांत साठून दशकानुदशके राहते. आहारात कॅल्शियम कमी असल्यास शिसे अधिक शोषले जाते, एवढाच काय तो दुधाचा संबंध.

बॅटरीच्या प्लेटा तर कढईत घालूच नयेत. त्यांत शिशाचे ऑक्साइड व सल्फेट असते, शिवाय अँटिमनी आणि आर्सेनिकही असू शकते, आणि अशी मळी ओली झाल्यास आर्सिन हा अत्यंत विषारी वायू सुटू शकतो. मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे प्रौढांच्या चार-पाच पट शोषते, म्हणून हे काम पाहायला मुलांना जवळ बसू देणे मला सर्वांत गंभीर वाटते. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.