उंच उडी मारून उंची वाढते का?

"रोज उंच उडी मारा, उंची वाढेल. ते खेळाडू बघा, सगळे कसे ताडमाड!" हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. पटतोही, कारण ते खेळाडू खरंच उंच असतात. पण इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. बहुतेकदा मुळात उंच असलेली मुलं या खेळात पुढे जातात.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या १६ वर्षांच्या शाळकरी मुलीने १.९२ मीटर उडी मारून सुवर्ण जिंकलं. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला तिनेच २.०२ मीटरवर पुन्हा सुवर्ण घेतलं. उडी १० सेंटिमीटरने वाढली, ती स्वतः काही तेवढी वाढली नव्हती! २००४ चा अथेन्सचा स्वीडिश विजेता तर जेमतेम १.८१ मीटर उंचीचा, उडी २.३६.

हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्या पौगंडावस्था संपताना मिटतात. त्यानंतर उड्यांनी हाड लांबत नाही.

पडताळायचंय? भिंतीवर अनवाणी उंची मोजा, पण दर महिन्याला एकाच वेळी. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो, आणि बरेच जण तिथेच फसतात.