जेवल्यावर साखर वाढणारच

निरोगी प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ४ ते ५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एक छोटा चमचा. एका जेवणातून मात्र ६०-७० ग्रॅम कर्बोदकं सहज पोटात जातात. ती सगळी रक्तात साचून राहिली असती तर पातळी दहा-पंधरा पट चढली असती. प्रत्यक्षात ती डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तासाभरात १२०-१४० पर्यंत जाते आणि दोन-तीन तासांत पुन्हा खाली येते. जेवल्यावर साखर वाढते याचं कसलं नवल? ती एवढीच वाढते, हे खरं नवल.

पहिली अडवणूक जठर करतं. ते अन्न लहान आतड्यात थोडं थोडं सोडतं. सोबत प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि तंतू असतील तर आणखी सावकाश. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ नंतर खाल्ले तर त्याच जेवणानं साखर कमी चढते, त्याचं एक कारण हेच. आतड्यात अन्न पोचलं की तिथून जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरकं सुटतात आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला आणखी चेतवतात. म्हणून शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तोंडानं घेतलेल्या ग्लुकोजला इन्सुलिनचा प्रतिसाद कितीतरी जोरदार मिळतो.

यकृताचं काम मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपण उपाशी असतो तेव्हा रक्तात ग्लुकोज सोडत राहतं ते यकृत. जेवण झालं की इन्सुलिन त्याला सांगतं, आता थांब. टाइप २ मधुमेहात हा निरोप नीट पोचत नाही; बाहेरून साखर येत असताना आतूनही सुटत राहते. ‘गोड काहीच खाल्लं नाही, तरी वाढली कशी?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. उरलेलं अर्धं पिष्टात: ते गोड लागत नाही, पण पचल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं.

‘पीपी’ म्हणजे जेवणानंतरची साखर तपासताना दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, शेवटच्या नव्हे. निरोगी माणसात तेव्हा आकडा सहसा १४० च्या आत असतो. निदानासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली चाचणी जास्त भरवशाची: दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. घरच्या ग्लुकोमीटरमध्ये मात्र १५ टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतला जातो. तेव्हा काल १३८ आणि आज १४३ आलं म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. शिवाय तेच जेवण सकाळपेक्षा रात्री घेतलं तर साखर जास्त चढते.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालल्यानं फरक पडतो, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज आत ओढून घेतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर चालण्याची वेळ आणि डोस यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालावा. साखर गरजेपेक्षा खाली गेली तर घाम, थरथर आणि चक्कर येते.