इंजिन बोंबलून राहिलं, बग्गी जागची हलत नाही

इंजिन चालू आहे, गिअर पडलेला आहे, रेस दिली की आवाज वाढतो पण गाडी इंचभर सरकत नाही, असं झालं की आपल्याकडे बघ्यांचं निदान ठरलेलं असतं: क्लच गेला. मागच्या पावसाळ्यात इथल्या पांधणीवर इंजिनिअरिंगच्या पोरांची बग्गी एक धुरा (वावराचा बांध) उडून पुढे नाल्याच्या चढावर अशीच उभी राहिली तेव्हाही तेच ऐकलं. "क्लचच गेला न बापा, अजून काय!" एका काकांनी तर पुढच्या पाइपाला लिंबू-मिरची बांधायला लावली, नवी कोरी लाल गाडी आहे, नजर लागली म्हणे. पोरांनी बांधली पण. आता लिंबू पुढे लटकलेलं आणि तुटलेली वस्तू मागे चाकाजवळ, त्यामुळे व्हायचा तेवढाच उपयोग झाला.

बग्गी म्हणजे पाइपाचा सांगाडा, मागे छोटं इंजिन. कॉलेजची पोरं बनवतात त्या बहुतेक 'बाहा' स्पर्धेसाठी असतात, आपल्या देशात ती २००७ साली इंदूरजवळच्या पिथमपूरला सुरू झाली आणि सगळ्यांना सारखंच १० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन, म्हणजे खरी हुशारी इंजिनात नाही तर त्याच्या मागच्या साखळीत. इंजिनातून ताकद निघते ती स्कूटीसारख्या रबरी बेल्टवर (सीव्हीटी), तिथून गिअरबॉक्स, मग डिफरन्शियल, त्यातून डाव्या-उजव्या बाजूला एकेक शाफ्ट आणि शेवटी चाक. यातली कुठलीही एक कडी सुटली तरी लक्षण एकच दिसतं, गाडी जात नाही.

सुरुवातीच्या कड्या नाकाने आणि डोळ्याने तपासता येतात. बेल्ट घसरला असेल तर जळक्या रबराचा वास येतो, कव्हर उघडलं की काळा भुगा सांडतो. नाल्यातून काढताना आत पाणी गेलं असेल तर बेल्ट ओला होऊन नुसता घसरतो आणि वाळला की गाडी आपोआप चालायला लागते (मग त्याचं श्रेय लिंबाला जातं). गिअरची केबल निसटली का तेही पाहून घ्या. आता माझ्या आवडीच्या कडीवर येतो, कारण या बग्गीत घोळ तिथेच होता आणि कोणाला पटत नव्हतं. पोरांचं म्हणणं, एक शाफ्ट तुटला असता तर दुसऱ्या चाकाने गाडी ओढली असती ना, अर्ध्या ताकदीने का होईना?

नाही ओढत. अर्धी तर सोडाच, जवळपास शून्य.

डिफरन्शियल लागतं कशाला ते आधी पाहू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत १.२ मीटर अंतर असेल तर एक पूर्ण गोल चक्कर मारताना बाहेरचं चाक सुमारे साडेसात मीटर जास्त चालतं, आणि गंमत म्हणजे चक्कर लहान असो की अख्ख्या वावराला असो, फरक तेवढाच, कारण तो २ × ३.१४ × १.२ एवढाच येतो, त्रिज्या त्यातून गळून जाते. दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवली तर एक चाक घासत जाणार. यावर १८२० च्या दशकात ओनेसिफोर पेक्कर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी उपाय काढला आणि तोच आजही ट्रॅक्टरपासून मालवाहू ऑटोपर्यंत सगळीकडे आहे.

त्याच्या पोटात दोन्ही शाफ्टच्या टोकाला एकेक दातेरी चाक असतं आणि दोघांच्या मधे एका पिनवर मोकळा फिरणारा छोटा गिअर (एकापेक्षा जास्त असतात, पण समजायला एक पुरे). इंजिनची ताकद क्राउनमधून (पिनला धरून फिरवणारं मोठं दातेरी चाक) त्या पिनला ढकलते, पिन छोट्या गिअरला बरोबर मधोमध ढकलते आणि तो दोन्हीकडच्या दात्यांना. आता तो पिनवर मोकळा असल्यामुळे एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी जोर लावूच शकत नाही, तसं होऊ लागलं की तो स्वतःभोवती फिरून जातो. बंडीचं जू बघा, मधोमध बांधलेलं, एका बैलाने ओढणं सोडलं की जू त्या बाजूने मागे फिरतं आणि दुसऱ्या बैलाने कितीही रेटलं तरी बंडी हलत नाही. तसंच इथे, दोन्ही शाफ्टवरचा टॉर्क (पिळण्याचा जोर) सारखा राहतो आणि तो कमकुवत बाजू जेवढा पेलेल तेवढाच. तुटलेल्या बाजूला पेलायला काहीच नाही, म्हणून चांगल्या बाजूलाही काहीच मिळत नाही. वेगाचा हिशोब वेगळा: क्राउनचा वेग हा दोन्ही बाजूंची सरासरी असतो, त्यामुळे क्राउन मिनिटाला २०० फेरे फिरत असेल आणि चांगलं चाक थांबलेलं असेल तर तुटका तुकडा आतल्या आत ४०० फेरे घेतो. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर उभ्या गाडीचा काटाही वेग दाखवतो.

काळ्या मातीत ट्रॅक्टरचं एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म, ते याच कारणाने. तिथे चाकाखाली पऱ्हाट्या टाका, फिरणाऱ्या चाकाचा एकट्याचा ब्रेक दाबा नाहीतर डिफ लॉक (दोन्ही शाफ्ट एकत्र जखडणारा खटका) लावा, ट्रॅक्टर निघतो. पण शाफ्ट तुटला असेल तर चाकाचा ब्रेक दाबून फायदा नाही, ब्रेक तुटीच्या पलीकडे पडतो.

तपासणी सोपी आहे. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही जॅकवर उचला, इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर टाकलेला. सीव्हीटी असेल तर थंड झाल्यावर मागची पुली एकाने धरून ठेवा, नाहीतर सगळंच मोकळं फिरून गोंधळ होतो. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरलं तर डिफरन्शियल आणि दोन्ही शाफ्ट धड आहेत, दोष इंजिनकडे शोधा. दुसरं हललंच नाही तर शाफ्ट बघा. शाफ्टवरून हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) खडूची एक सरळ रेघ ओढा आणि चाक फिरवा, रेघ तुटली की स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) घासून गेलेत. बरेचदा काही तुटलेलंही नसतं, गाडी उडी मारते तेव्हा चाक खाली लोंबतं, गिअरबॉक्स ते चाक हे अंतर वाढतं आणि शाफ्ट आतल्या जॉइंटमधून निसटतो. तसं असेल तर सर्कलिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी कडी) बदलून परत बसवता येतो.

आमच्या बग्गीचा मात्र मोडलाच होता, जॉइंटवरच्या रबरी बूटच्या (आवरणाच्या) आत, ग्रीसने माखलेला. हवेत चाक सुसाट फिरत असताना ते जमिनीवर आपटलं की एका क्षणात थांबू पाहतं आणि सगळा झटका शाफ्टवर पडतो, म्हणून उडीत रेस सोडावी. एक खडू घेऊन पिळून बघा, तो ४५ अंशात तिरपा तुटतो. कडक पोलादाचा शाफ्टही पिळाने गेला तर तसाच तिरपा, नरम पोलादाचा मात्र सपाट कापल्यासारखा, आणि तुटलेल्या तोंडावर एकात एक कड्या दिसल्या तर भेग जुनी आहे, रोज थोडी थोडी वाढत आली. आमच्या शाफ्टवर कड्या होत्या. म्हणून पोरांना दुसऱ्या बाजूचा शाफ्टही काढून बघायला लावला, दोघांना पीळ सारखाच बसत आला होता ना.