चाल संगीतकाराची, मग मधले तुकडे कुणाचे? संगीतकार आणि संगीत संयोजक यांतला फरक

जुन्या हिंदी गाण्यातला व्हायोलिनचा एखादा तुकडा आपल्याला वेड लावतो आणि आपण दाद देतो संगीतकाराला. ती दाद बऱ्याचदा अर्धीच बरोबर असते, कारण तो तुकडा कागदावर उतरवणारा माणूस अनेकदा वेगळा असायचा: संगीत संयोजक, म्हणजे वादकांच्या भाषेत अरेंजर.

गाणं गुणगुणताना जे ओठांवर येतं, ते संगीतकाराचं. मुखडा, अंतरा, शब्दांवर बसवलेली सुरावट. संयोजकाचं काम त्याच्या अवतीभवती असतं. गाणं कोणत्या वाद्यानं उघडायचं, दोन कडव्यांमध्ये काय वाजवायचं, गायिका लांब सूर धरून असताना मागे चेलोनं कोणती वेगळी ओळ वाजवायची, ताफ्यातल्या कुणी कुठे गप्प बसायचं. हे सगळं ठरवून प्रत्येक वादकासाठी स्वरलिपीत लिहून द्यायचं.

ही विभागणी का झाली, याचं उत्तर मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आहे. बरेच संगीतकार पेटीवर चाल बांधणारे, मौखिक परंपरेतले. मोठा वाद्यवृंद मात्र लिहिलेलं वाचून वाजवतो. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी शिकवली जाई. तिथून आलेल्या वादकांनी ही उणीव भरून काढली. सी. रामचंद्रांबरोबर ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते, तर शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याबरोबर सेबॅस्टियन डिसोझा.

शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘सहायक’ म्हणून दोन नावं जोडीनं दिसतात: दत्ताराम आणि सेबॅस्टियन. दत्ताराम तालाची बाजू सांभाळत. त्यांचा ठेका आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे ‘परवरिश’ (१९५८) सारख्या चित्रपटांचे ते स्वतंत्र संगीतकार झाले. सेबॅस्टियन यांची ओळख मात्र संयोजक हीच राहिली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत व्हायोलिनचा जो भरदार नाद आपण ‘त्यांची शैली’ म्हणून ओळखतो, त्यात सेबॅस्टियन यांचा हात फार मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

अँथनी गोन्साल्विस हे नाव तर सगळ्यांना पाठ आहे, पण पडद्यावरचं पात्र म्हणून. खरे गोन्साल्विस मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक आणि संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून त्यांनी गुरूचं नाव घराघरांत पोहोचवलं.

ही सीमारेषा नेहमीच इतकी स्वच्छ नसते. पुष्कळ संगीतकार मधले तुकडेही स्वतःच सुचवत, संयोजक ते फुलवत. प्यारेलाल स्वतः उत्तम संयोजक. सलील चौधरींना पाश्चात्त्य वाद्यवृंदाची सखोल जाण होती. इळैयराजा तर प्रत्येक वाद्याची ओळ स्वतःच लिहून काढतात. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बासू चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग होते, त्या दोघांनी ‘बासू-मनोहारी’ नावानं स्वतंत्र संगीतही दिलं. आज संगणकावर काम करणारा प्रोग्रॅमर यातलं बरंच काम एकटा करतो.

कायद्याच्या नजरेत मात्र फरक पक्का आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकाराची व्याख्या आहे. त्यानं संगीत लिपीबद्ध केलं नसलं तरी तो संगीतकारच. संयोजन मात्र मूळ कृतीचं ‘रूपांतर’ या सदरात येतं आणि ते करू देण्याचा हक्क मूळ कृतीच्या हक्कधारकाकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क भक्कम केला, पण संयोजकाचं नाव तिथेही वेगळं आलं नाही. मला हे खटकतं. ज्याच्या लेखणीतून गाण्याची पहिली वीस सेकंदं उतरली, त्याचं नाव ‘सहायक’ या सदरात न दडवता संगीतकाराच्या खालोखाल स्वतंत्र ओळीत यायला हवं होतं.