तारवापासून स्विंडनपर्यंत: गोव्याच्या स्थलांतराची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोवेकरांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतले कितीतरी जण पोर्तुगालच्या पासपोर्टवर तिथे पोचले. अशा स्थलांतराचे कारण विचारले की पगाराकडे बोट दाखवले जाते. ते चूक नाही; पण पैशाची निकड शेजारच्या रत्नागिरीलाही होतीच. कोणाला कोणती वाट मिळाली, हे ताटातले अन्न, चर्चमधले संगीत आणि शेवटी एक जन्मनोंद यांनी ठरवले.

एकोणिसाव्या शतकात गोव्याची अर्थव्यवस्था खंगलेली होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने मिठागरांवर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. त्याच करारातून निघालेला मुरगावचा लोहमार्ग गाव सोडणाऱ्यांच्या मात्र कामी आला. गोव्यातल्या बार्देश आणि सासष्टी या तालुक्यांतल्या ख्रिस्ती तरुणांना गोमांस किंवा डुकराचे मांस शिजवायला धर्माची आडकाठी नव्हती, त्यामुळे साहेबाचे स्वयंपाकघर आणि बोटीवरचा भटारखाना त्यांच्याकडे गेला. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर तर डेकवर कोकणी मुसलमान, इंजिनापाशी पंजाबी आणि पठाण, सलूनमध्ये (म्हणजे प्रवाशांच्या जेवणाखाण्याच्या आणि सेवेच्या विभागात) गोवेकर, अशी विभागणीच रूढ होती. चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेल्यांना बँडमध्ये आणि पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम मिळाले.

बोटीवर नोकरी करणाऱ्याला कोंकणीत तारवटी म्हणतात. दोन सफरींच्या मधल्या काळात तो मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या ‘कुडी’त उतरे. कूड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेले बिऱ्हाड: भिंतीलगत पेट्यांची रांग, एका बाजूला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी एकत्र म्हणायची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. भाडे जुजबी असल्याने बेकारीचे महिने निभत आणि कुठल्या बोटीवर जागा आहे हेही तिथेच कळे. या स्थलांतराचा खरा पाया मला या खोल्यांतच दिसतो.

विसाव्या शतकात पूर्व आफ्रिका आणि तेलाचे आखाती देश आले. युरोपची वाट मात्र कायद्यातून निघाली. १९७४ च्या करारात पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधी, तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना नागरिकत्व मागता येत राहिले. ब्रिटन आधीच सदस्य असलेल्या युरोपीय समुदायात १९८६ मध्ये पोर्तुगाल गेला आणि पुढे आजोबांच्या जन्मनोंदीच्या बळावर थेट इंग्लंडात राहून काम करता येऊ लागले. २०२१ पासून, ब्रेक्झिटनंतर, नव्याने जाणाऱ्यांसाठी ती मुभा संपली. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने लिस्बनच्या पासपोर्टसाठी भारतीय पासपोर्ट आणि गावातले मत, दोन्ही सोडावे लागतात.